मधली रेघ

मेघा देवळीच्या एका बँकेत अधिकारी होती. तिचा रोजचा रस्ता सपाट, कपाशी आणि सोयाबीनमधून सरळसोट जाणारा. म्हणून डोंगरात जायचं निमित्त मिळालं की ती खूश असायची. मावशीच्या नातवाचं नामकरण कारंजाच्या पलीकडच्या गावात होतं. वडिलांना, नानाजींना, शेजारी बसवून ती सकाळीच निघाली, आणि कार्यक्रम आटोपून दुपार कलताना दोघं परत घाट उतरू लागले.

घाटाचं काम नुकतंच झालं होतं. दरीच्या बाजूने लोखंडी कठडे, वळणांवर मोठे गोल आरसे, मधोमध ठळक पांढरी रेघ. मेघाची गाडीही नवी होती. रेघ ओलांडली की आत घंटी वाजायची. घाटात ती सारखीच वाजायला लागली, तशी मेघाने बटण दाबून ती बंद केली.

"बंद काऊन केली?" नानाजींनी विचारलं.

"डोकं उठवून राह्यली, बाबा. रस्ता मोकळाच तर आहे."

रस्ता खरंच मोकळा होता. उजवं वळण आलं की ती वेग फारसा न मोडता रेघेच्या पलीकडून, आतल्या अंगाने गाडी काढायची. गाडी झोका घेतल्यासारखी वळायची आणि मेघा मनापासून हसायची. तिला इतकं मोकळं हसताना नानाजींनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तेही हसले.

मग सागाच्या दाट झाडीआड जाणारं एक वळण आलं.

"मेघा, आरशात गाडी दिसून राह्यली."

"दिसली, बाबा."

जागा पुरेल असं तिला वाटलं. ती रेघेच्या पलीकडेच राहिली. मोटारसायकल झाडीआडून निघाली ती थेट समोर. चालवणाऱ्याने कठड्याकडे हँडल मारलं, मेघाने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, नानाजींचा चष्मासुद्धा हलला नाही. मोटारसायकल मात्र आडवी होऊन घसरत गेली आणि कठड्याला अडकली. कठडा नसता तर तिच्यावरचे नवरा-बायको दोघंही दरीत गेले असते. बाईचा पाय मोटारसायकल आणि कठड्याच्या मध्ये सापडला होता.

त्यांची नावं मेघाला दवाखान्यात जाताना कळली. किसनराव आणि कोकिळा. कोकिळा मागच्या सीटवर दात आवळून पडली होती. किसनराव तिचं डोकं मांडीवर धरून पुन्हापुन्हा म्हणत होते, "मले सांभाळताच नाई आली गाडी."

कारंजाच्या दवाखान्यात पोलीस चौकशीला आला. किसनरावांनी त्यालाही तेच सांगितलं. "याईची गाडी नाई लागली आमाले. म्याच घाबरलो. या ताईनंच तर इथं आणलं." आणि त्यांनी मेघापुढे हात जोडले.

पोलिसाने नानाजींकडे पाहिलं.

"माहा डोळा लागला होता," नानाजी म्हणाले. "मले काई दिसलं नाई."

पोलीस गेल्यावर ते मेघाला बाहेर घेऊन आले. "चाल आता. आपली गाडी त्याईले लागलीच नाई."

"मी त्यांच्या बाजूनं होती, बाबा. तुम्हीच तर मले आरशातली गाडी दाखवली होती."

"तुही नोकरी आहे, बाई. समोर सारं आयुष्य आहे. कायले सांगतं?"

मेघा गाडीजवळ उभी राहिली. गाडीला कुठेच ओरखडा नव्हता. ती परत आत गेली आणि कोकिळाच्या खाटेजवळ उभी राहून जसं घडलं तसं सांगितलं.

कोकिळाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आमी आमच्याच बाजूनं होतो."

"हाव."

"अन् हे मघापासून सोताले शिव्या देऊन राह्यले."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मेघानेच आणून दिलेला चहा किसनरावांच्या हातात होता. त्यांनी तो तसाच जमिनीवर ठेवून दिला.

मेघा स्वतःच पोलीस ठाण्यात गेली आणि तिथेही तसंच लिहून दिलं. काही दिवसांनी नानाजींना साक्षीसाठी बोलावणं आलं. काय सांगायचं ते तिने त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"गाडी चालवणारी तुमची कोण?" हवालदाराने विचारलं.

"पोरगी आहे माही," नानाजी म्हणाले. "मी झोपलो नव्हतो. तिची गाडी रेघेच्या पलीकडं होती. मी पाह्यलं."

सही करून ते उठले. घरी आल्यावर नानाजी न जेवताच झोपले.

कोकिळाच्या पायात सळई टाकावी लागली. मेघा अधूनमधून तिच्या घरी जायची. कोकिळा उत्तरापुरतं बोलायची. एकदा किसनराव मेघाला सोडायला फाटकापर्यंत आले.

"ताई, आता नका येत जाऊ," ते म्हणाले. "राग नाई तुमच्यावर. पण तुमाले पाह्यलं का तिले रातभर झोप नाई लागत."

मेघाने मान हलवली. कारंजाच्या बस स्टँडवर येऊन तिने घरी फोन लावला.

"बाबा, निघून राह्यली मी."

"गाडी हळू आणजो," नानाजी म्हणाले.

"बसनं आली होती, बाबा. गाडी बँकेतच ठेवली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "मी येतो आपल्या स्टँडवर, तुले घ्यायले."