अंगठ्याचं खरं माप

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर तो आलेख चिकटवलेला होता आणि घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो बघावाच लागे. मीटरचे आकडे घ्यायला आलेल्या माणसाचीही त्यातून सुटका नव्हती. खाली दिवस, बाजूला अंश, आणि डाव्या कोपऱ्यातून निघून डौलात वर चढत गेलेली जाड निळी रेघ. "हा माझा अंगठा," आई सांगे, "आणि ही रेघ माझ्या लेकीची." मग मान तिरकी करून स्वतःच रेघेकडे बघत राही. "वळण सुरेख आलंय. बाहीच्या मुंढ्याला शोभेल."

आईला जगातलं कुठलंही वळण शेवटी बाही जोडायच्या मुंढ्यात, गळ्यात नाहीतर खिशात नेऊन बसवायची सवय होती. कपडे शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती मुख्य कटर. तिथे तिला सगळे कटरबाई म्हणत, मालकसुद्धा. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या खिडकीची काच निखळली आणि तिचा तुकडा कटरबाईंच्या उजव्या हातात, मनगटाच्या चार बोटं वर, घुसला. बाकी हात वाचला. अंगठ्याची कंडरा तेवढी तुटली.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. स्नायूने ओढायचं, दोरीने सरकायचं, अंगठ्याने वाकायचं, असा सगळा मामला. सर्जनबाईंनी दोरी शिवली, पण शिवलेल्या दोरीला एक खोड असते. जखम भरता भरता ती आजूबाजूच्या मांसाला चिकटून बसते आणि मग सरकायचं नाव घेत नाही. "बाराव्या आठवड्यात मी बघेन," सर्जनबाईंनी सांगितलं होतं. "अंगठ्याचं टोक स्वतःच्या ताकदीने तीस अंश वाकलं तर बरं. नाहीतर चिकटलेली कंडरा सोडवायला पुन्हा ऑपरेशन, आणि पुढचं अर्धं वर्ष गेलं." मालक भला माणूस होता, पण त्यानेही तीन महिनेच सांगितले होते. तेवढे दिवस कटरबाईंचं टेबल कुणाला मिळणार नव्हतं. पुढचं पुढे.

अशा वेळी घरातच इलाज असावा याला नशीब लागतं, असं लेकीला वाटत होतं. एका संशोधन संस्थेत ती संगणकाला बघायला शिकवायची. फोनच्या कॅमेऱ्यापुढे हात धरला की बोटाचा सांधा किती अंश वाकला हे सांगणारा प्रोग्रॅम तिने तीन वर्षं खपून बनवला होता. लांब राहणाऱ्या रुग्णांना रोज दवाखान्याची वारी नको, घरच्या घरी माप मिळावं, हा हेतू. सर्जनबाईंचे तीस रुग्ण तो वापरत होते. एकतिसावी आई. ती त्या प्रोग्रॅमला एकडोळ्या म्हणायची. "आण तुझ्या त्या एकडोळ्याला," असं म्हणत रोज सकाळी हात पुढे करायची, आणि एकडोळ्या दिवसेंदिवस वाढता आकडा दाखवायचा. परवा तर सत्तेचाळीस.

हा सत्तेचाळीसचा आकडा लेकीने संस्थेतही मिरवला. तिच्या शेजारच्या खोलीत नळीदादा बसत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. जिथे जातील तिथे खिशात एकदोन परीक्षानळ्या खुळखुळत असत, म्हणून नळीदादा. ते विकरांवर काम करत. विकर म्हणजे शरीरातला मुकादम, स्वतः झिजत नाही पण बाकीच्यांकडून हजारपट वेगाने काम करून घेतो. चिकटलेल्या कंडरेभोवतीचं जून मांस सोडवणारा असा एखादा मुकादम नळीदादा सात वर्षं शोधत होते. तो अजून सापडला नव्हता, पण दादांची झोप उडालेली कुणी पाहिली नव्हती.

त्यांनी आलेखाची प्रत हातात घेतली, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तुझी मोकळी नळी कुठंय?"

"कसली नळी?"

"आम्ही प्रत्येक प्रयोगाशेजारी एक नळी ठेवतो. तिच्यात सगळं घालतो, विकर सोडून. तिच्यातही रंग चढला तर समजायचं, रंग विकराने आणलेला नाही. उगीच त्याचं कौतुक करायचं नाही. तू अंगठा न वाकवता कधी मोजलंस?"

"अहो दादा, न वाकवता काय मोजायचं? शून्य येणार."

"येईलच," नळीदादा म्हणाले. "मग मोजायला काय जातं?"

लेकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सात वर्षांत ज्यांना एक विकर गवसला नाही त्यांनी आपल्याला शिकवावं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. ते तोंडावर आलं नाही एवढंच. पण कटरची मुलगी होती ती. एकदा कुणी कापडात खोट आहे म्हटलं की ते उजेडात धरून बघितल्याशिवाय तिलाही चैन पडत नसे.

संध्याकाळी घरी येताच तिने फोन टेबलावर उभा केला. आई म्हणाली, "आज राहू दे. सकाळी झालंय ना?"

"दोन मिनिटं. अंगठा वाकवायचाच नाही आज. ढिला सोड. बाकी हात रोज हलवतेस तसा हलव."

आईने हात पुढे केला, पण रोजच्या उत्साहाने नाही. अंगठा सैल सोडला. आणि रोजच्या सवयीने मनगट हळूच मागे झुकवलं. एकडोळ्याने आकडा दाखवला, शेहेचाळीस.

लेकीला आधी वाटलं, फोन बिघडला. तिने पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. मग तिने आईचं मनगट आपल्या हातात घट्ट धरलं, सरळ केलं आणि म्हणाली, "आता वाकव. खरोखर वाकव."

आईने दात आवळले. कपाळावरची शीर टरारली. अंगठ्याचं टोक जरासं हललं आणि थांबलं. अकरा.

अकरा. लेकीच्या पायाखालची जमीन सरकली म्हणायलाही हरकत नाही. कंडरा मनगटाच्या वर, टाक्यांपाशी, चिकटून बसली होती. खुंटीला बांधलेल्या दोरीसारखी. मनगट मागे नेलं की दोरी ताणली जाई आणि दुसऱ्या टोकाचा अंगठा आपसूक वाके. स्नायूने काडीचं काम केलेलं नसे. हे एकडोळ्याला दिसायला हवं होतं, पण त्याला मनगट दिसतच नव्हतं. चित्र हलकं व्हावं, फोन अडखळू नये म्हणून लेकीनेच पहिल्या वर्षी प्रत्येक चित्र तळव्याखाली कापून टाकलं होतं. आईने आयुष्यभर दोनदा मोजून एकदा कापलं. लेकीने एकदाही न मोजता कापलं होतं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

आई टेबलावरचा नसलेला दोरा निवडत बसली. "पट्टी निघाल्यावर आठवडाभरात कळलं. मनगट असं केलं की आकडा चढतो. आधी चुकून झालं."

"आणि नंतर?"

"नंतर तुझं तोंड बघून. चाळीस आले तेव्हा तू पाच वर्षांची असताना हसायचीस तशी हसलीस. मग मनगट आपोआपच मागे जायला लागलं."

"आई, बाराव्या आठवड्यात सर्जनबाई हाताने बघणार आहेत. त्यांनी मनगट धरून बघितलं असतं तर?"

"तोपर्यंत अंगठा सुटेल वाटलं होतं. आणि नसता सुटला तर नसता. तुझी तीन वर्षं तरी पाण्यात गेली नसती."

लेकीला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. आईवर इतकी ती कधीच चिडली नव्हती आणि आई इतकी आवडलीही नव्हती. "माझी तीन वर्षं गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "मला तुझा अंगठा हवाय."

आईने तिला रडू दिलं. मग उठून डाव्या हाताने चहा ठेवला आणि पाठमोरीच बोलायला लागली. "एक सांगू? टेप बघितली की प्रत्येक माणूस पोट आत घेतो. भले भले घेतात. तेच माप धरून कापलं तर पहिल्या जेवणाला बटण तुटतं. मी काय करते? टेप कमरेला लावते आणि पोराबाळांचं विचारते. माणूस बोलायला लागला की श्वास सोडतो. तेव्हा माप घेते, आणि आकडा त्याला दाखवत नाही. तुझा एकडोळ्या तोंडासमोर आकडा नाचवतो. मग लोक पोट आत घेणारच. आणि बाही मोजताना मी खांद्याकडे बघते, हाताकडे नाही. चोरी नेहमी वरच्या सांध्यात असते."

लेकीने नाक पुसलं आणि वही ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्जनबाईंपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, आईसकट. सर्जनबाई मऊ बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हत्या. "बाकीचे तीस?" त्यांनी विचारलं. मूळ चित्रफिती न कापलेल्या, संस्थेत जपून ठेवलेल्या होत्या. लेकीने दोन दिवस बसून त्या बघितल्या. एकतीस जणांपैकी नऊ जण मनगट झुकवत होते, बहुतेकांना आपण काय करतोय याचा पत्ताही नव्हता. सर्जनबाईंनी नवांनाही बोलावून घेतलं, व्यायाम बदलून दिले. जाताना म्हणाल्या, "तुझा कॅमेरा खोटं बोलला नाही. तू त्याला अर्धा हात दाखवलास. आता पूर्ण दाखव. अजून चार आठवडे आहेत."

ते चार आठवडे घरात दोन कारखाने चालले. एका खोलीत लेक एकडोळ्याला नव्याने शिकवत होती. पूर्ण हात बघ, मनगट सरळ असेल तेवढ्याच क्षणांचं माप धर, आणि आकडा रुग्णाला लगेच दाखवू नकोस. आता दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ती ताकही फुंकून पीत होती. प्रत्येक बदलाला मोकळी नळी. ढिल्या अंगठ्याचे दोनशे हात त्याला दाखवले आणि दोनशेच्या दोनशे वेळा त्याने शून्याच्या आसपास आकडा दिला, तेव्हा कुठे ती उठून नळीदादांकडे गेली आणि त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला.

दुसऱ्या खोलीत आईचं मनगट तिच्याच लाकडी पट्टीला बांधलेलं असे. टाक्यांवर तेल लावून चोळायचं, अंगठा वाकवायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दिवसातून कितीदा ते सर्जनबाईंनी नेमून दिलं होतं, त्याहून एकदाही जास्त नाही, आणि हेच आईला सगळ्यात जड गेलं. अकरा. बारा. अकरा. आठवडा तसाच गेला. आई अंगठ्याला नावं ठेवी, आळशी शिकाऊ पोरांना ठेवायची तीच. मग एका दुपारी टाक्यांपाशी आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुखलं नाही. आई लेकीला म्हणाली, "शिवण उसवताना पहिला टाका निघतो ना, तसं." त्या दिवशी सतरा आले. त्यानंतरचे आकडे तिने विचारले नाहीत. लेकीने सांगितले नाहीत.

बाराव्या आठवड्यात सर्जनबाईंच्या खोलीत फोन टेबलावर पालथा पडला होता. एकडोळ्याने माप घेतलं होतं, ते अजून कुणी बघितलं नव्हतं. सर्जनबाईंनी डाव्या हाताने आईचं मनगट पकडलं, उजव्या हाताने पोलादी कोनमापक अंगठ्याच्या सांध्यावर ठेवला.

"कारखान्यात किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"साठ," आई म्हणाली, "त्यातली कामाची वीस." आणि बोलता बोलता अंगठा वाकवला.

अंगठ्याचं टोक आत गेलं, आणखी आत गेलं आणि तळव्याकडे बघत थांबलं. सर्जनबाईंनी कोनमापक डोळ्यांजवळ नेला.

"एकेचाळीस."

लेकीने फोन उलटा केला. बेचाळीस.

सर्जनबाईंनी चष्मा काढला, फोन हातात घेतला, पुन्हा कोनमापक बघितला. "बाकीचे तीस पुढच्या आठवड्यात असेच मोजू," त्या म्हणाल्या. "पण मला वाटतं, हे यंत्र मी माझ्या सगळ्या रुग्णांना देणार." तसंच झालं. तिसांतल्या कुणाचंही माप सर्जनबाईंच्या मापापासून तीन अंशांपेक्षा लांब गेलं नाही, आणि त्या नवांपैकी सात जणांचे अंगठे आणि बोटं ऑपरेशनवाचून सुटली. पण हे पुढचं. त्या दिवशी आईने एवढंच विचारलं, "कात्री?"

"कागद. आठवडाभर फक्त कागद, तोही थोडा. मग हलकं कापड."

घरी आल्यावर आईने चपला काढायच्या आधी खण उघडला. मऊ फडक्यात गुंडाळलेली तिची कात्री तीन महिने तिथे पडून होती. ती टेबलावर ठेवून आईने घरात कागद शोधला. वर्तमानपत्र नको म्हणाली, पातळ असतं. मग तिची नजर कपाटाच्या दारावर गेली. तिने तो आलेख चारही कोपऱ्यांनी अलगद सोडवला.

"आई, तो कशाला? तो तर खोटा."

"रेघ खोटी असेल. वळण खोटं नाही."

तिने कागद टेबलावर पसरला, अंगठा कात्रीच्या कडीत घातला आणि डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिले दोन घास अडखळत गेले. मग कात्रीला आपला जुना आवाज सापडला. निळ्या रेघेवरून पातं सलग चढत गेलं, कुठे थांबलं नाही, आणि शेवटी कागदाचे दोन भाग होऊन एक खाली पडला.

लेकीने तो उचलला आणि कापलेल्या कडेवरून स्वतःचा अंगठा फिरवला. कुठेही खाच लागली नाही.

"बघितलंस? मुंढाच आहे हा," आई म्हणाली आणि हाताची मूठ उघडून मिटून बघितली. "आता मालकांना फोन लाव. म्हणावं, कटरबाई पुढच्या सोमवारी येतायत. टेबलावर कुणी पसारा घातला असेल तर उचलून ठेवा."