टेपकाकांची तोंडी परीक्षा

"अहो टेपकाका, प्लग मागच्या भिंतीला आहे. पहिल्या बाकाशी काय शोधताय?"

बाईंनी फळा पुसता पुसता विचारलं आणि वर्गातली पोरं खुदकन हसली. टेपकाका हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कोरी दोनशे पानी वही काढली, बाकावर ठेवली, वहीशेजारी पेन ठेवलं आणि ते बसले.

"प्लगचं काही नाही, मॅडम. मी विद्यार्थी आहे. हजेरीपटात शेवटचं नाव बघा."

बाईंनी चष्मा चढवून पाहिलं. नाव होतं. स्पॅनिश, प्राथमिक अभ्यासक्रम, मुदत एक वर्ष, वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना असा एखादा अभ्यासक्रम करायची मुभा होती. ती आजवर कुणी वापरली नव्हती, इतकंच.

"अगं बाई! या वयात हे काय सुचलं तुम्हाला?"

"वयाची अट नाही, असं पत्रकात छापलंय, मॅडम."

बाई मोकळेपणानं हसल्या. त्यांचं हसू चांगलं होतं. ते टेपकाकांना सत्तावीस वर्षं ठाऊक होतं. "या, या. माझे हेडफोन दुरुस्त करणारा माणूस माझ्याच वर्गात! मला आनंदच आहे."

'होऊ दे आनंद,' टेपकाका मनात म्हणाले. 'वर्षभर होऊ दे.'

भाषा विभागाच्या प्रयोगशाळेचे ते तंत्रज्ञ. तीस खुर्च्या, तीस हेडफोन, बाईंच्या टेबलावर एक मोठा डेक आणि भिंतीशी कॅसेटींची कपाटं, असा त्यांचा संसार. खरं नाव पगारपत्रकापुरतं. बाकी शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ते टेपकाका. माणूस असा की, कॅसेटची गुंतलेली फीत सोडवताना श्वास रोखून धरायचा, बाळाच्या पायातला काटा काढावा तसा.

अशा माणसावर अकरा वर्षांपूर्वी ठपका आला. स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेची कॅसेट नाहीशी झाली. अकरा विद्यार्थ्यांची उत्तरं त्यात होती आणि त्यांत टेपकाकांची लेकही होती. चौकशी बसली. बाईंनी शांतपणे सांगितलं, "धड्यांच्या प्रती काढताना तंत्रज्ञांकडून चुकून परीक्षेच्या कॅसेटवर धडा भरला गेला असावा. म्हणूनच ती आता त्यांना सापडत नाही." एवढं एकच वाक्य, पण विभागप्रमुखांचं वाक्य ते. कागदावर उतरलं आणि दगडावर कोरल्यासारखं झालं.

टेपकाकांनी परोपरीनं सांगितलं. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. परीक्षा संपली की पहिलं काम ते हेच करायचे, नखानं त्या पट्ट्या मोडायच्या. "मी मोडल्या होत्या, साहेब. देवाशपथ." चौकशी करणाऱ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आठ दिवसांनी परीक्षा पुन्हा घेतली. पहिल्या खेपेला हसत बाहेर आलेली लेक या खेपेला तापानं फणफणलेली होती. घशातून शब्द फुटेना. नापास झाली. तिनं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या, चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि तेव्हापासून विद्यापीठाच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. लग्न झालं, रविवारी माहेरी यायची, आईशी तासन्‌तास बोलायची. बापाशी बोलणं म्हणजे "पंखा लावू का?" आणि "निघते." टेपकाका खुलासा करायला गेले की म्हणायची, "बाबा, तो विषय नको." कधी चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते.

आणि मग, त्या वर्गाच्या तीनच आठवडे आधी, प्रयोगशाळेत संगणक यायचे म्हणून जुनी कपाटं बाहेर काढली. बाईंच्या टेबलाचा खालचा खण निघेना. टेपकाकांनी हिसका दिला, तर खणाच्या मागून एक कॅसेट खाली पडली. लेबलावर त्यांचंच अक्षर: 'तोंडी परीक्षा, १३ मार्च.' पाठीच्या पट्ट्या मोडलेल्या. आणि मोडलेल्या जागी, खाचेवर नीट कापून लावलेली चिकटपट्टी. खाच बुजवली की मोडलेली कॅसेटही पुन्हा भरता येते. हे ठाऊक असलेली विभागात दोनच माणसं होती.

टेपकाकांनी ती लावली. बाईंचा आवाज. भराभर, गोड, पंधरा मिनिटं स्पॅनिश. मग खट्ट. आणि शेवटी, पुसायच्या राहून गेलेल्या फितीवर दहा सेकंद त्यांच्या लेकीचा आवाज. बावीस वर्षांची, न अडखळता बोलणारी.

ते खाली बसले. 'देवा, तू सगळं ऐकतोस ना? मग हे अकरा वर्षं कुणाला ऐकवायला ठेवलं होतंस?'

उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं: लेकीला. पण घाई करून चालणार नव्हतं. कॅसेट पुढे केली की बाई म्हणतील, "बघा, हाच तो धडा. यांनीच भरला." धडा आहे की आणखी काही, हे सांगणार कोण? त्या गावात स्पॅनिश कळणारी माणसं म्हणजे बाई आणि बाईंचे विद्यार्थी. लेकीपुढे अर्धवट पुरावा न्यायचा नव्हता. ती पुन्हा "नको" म्हणाली असती, तर ते शेवटचं ठरलं असतं. तेव्हा टेपकाकांनी ठरवलं, बाईंची कबुली बाईंकडूनच शिकायची.

"घरात मराठीत चार शब्द बोलायचं जिवावर येतं," बायको म्हणाली, "आणि आता परक्या भाषेत गप्प बसायला शिकणार?"

"बोलायलाच शिकतोय. एकदाच बोलायचंय."

"कुणाशी?"

"परीक्षकाशी."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा आवाज चढलेला माहीत नव्हता, पण जबडा आवळलेला माहीत होता. दुसऱ्या दिवशी तिनं वहीला खाकी कव्हर घालून दिलं.

टेपकाका शिकू लागले. एखादा भाविक नाम घेतो तसे शब्द घेऊ लागले: जिना चढताना, स्क्रू पिळताना, आंघोळीला. फरक इतकाच की नामानं मन निवतं, यांचं पेटत होतं. दर शनिवारी दुपारी प्रयोगशाळेचं दार लावून ते कॅसेट ऐकायचे आणि कळलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवायचे. पहिल्या महिन्यात सगळा गलबला होता. मग आकडे शिकवले, महिने शिकवले, आणि एका शनिवारी बाईंच्या त्या गोड गलबल्यातलं दुसरंच वाक्य लख्ख उभं राहिलं: 'कातोर्से दे मार्सो.' चौदा मार्च. परीक्षेनंतरचा दिवस!

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी दोनदा जेवायला मागितलं.

मनाची गंमत बघा. बाई शिकवायच्या उत्तम. जीभ दातामागे कुठे लावायची, हे दाखवायला त्या वर्ग सुटल्यावर दहा-दहा मिनिटं थांबायच्या. "वा, टेपकाका! या पोरांपेक्षा तुमचा कान तयार आहे." कौतुक कुणाला नको असतं? टेपकाकांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. एकदा तर बाईंनी सांगितलेल्या विनोदावर ते मनापासून हसले, आणि घरी जाताना स्वतःवरच इतके चिडले, की शनिवारची वाट न पाहता दुसऱ्याच सकाळी कॅसेट लावून शेवटचे दहा सेकंद ऐकले. राग शिळा होऊ द्यायचा नव्हता.

वर्ष सरता सरता कॅसेट जवळजवळ उलगडली. तो धडा नव्हता, अर्ज होता. परदेशातल्या एका संस्थेला बाईंनी पाठवायला केलेलं निवेदन: माझं नाव अमुक, आज चौदा मार्च, काल मी माझ्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेतली, मला तुमच्याकडे यायचं आहे, फार वर्षांपासून यायचं आहे. टेपकाकांनी ते वाक्य तीनदा ऐकलं. बाई कधीच कुठे गेल्या नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लगेच डेक बंद केला. कणव करायला माणूस स्वतः सुखी लागतो.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या विद्यापीठातून एक वयस्कर परीक्षक आले होते. सकाळपासून चौतीस जणांची बहीण, मांजर आणि घराच्या खिडक्या ऐकून त्यांचे डोळे पेंगुळले होते. त्यांच्या शेजारी बाई. टेपकाका इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले.

"विषय, माझं काम," परीक्षक म्हणाले. "तीन मिनिटं."

टेपकाकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. छोटी छोटी वाक्यं. शिकवली होती तेवढीच.

"मी तंत्रज्ञ आहे. माझ्या प्रयोगशाळेत तीस खुर्च्या आहेत. एक कपाट हिरवं आहे."

परीक्षकांनी जांभई दाबली. बाईंनी मायेनं मान हलवली. हा सगळा पूर्वरंग होता. आता टेपकाका आख्यानाला आले.

"तेरा मार्चला परीक्षा आहे. अकरा विद्यार्थी बोलतात. एक विद्यार्थिनी माझी मुलगी आहे. ती छान बोलते. चौदा मार्चला बाई प्रयोगशाळेत येतात. बाई कॅसेट घेतात. बाई चिकटपट्टी लावतात. बाई लाल बटण दाबतात. बाई म्हणतात: मला तुमच्याकडे यायचं आहे, फार वर्षांपासून यायचं आहे. विद्यार्थ्यांचे आवाज जातात. नंतर बाई म्हणतात: बटण तंत्रज्ञ दाबतो."

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तंत्रज्ञ घरी जातो," टेपकाका म्हणाले. "त्याची मुलगी बोलत नाही. अकरा वर्षं. धन्यवाद."

परीक्षक खडबडून जागे झाले होते. "अरे वा! दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी घडलं! काय रचलीय हो गोष्ट!"

"रचली नाही, सर," टेपकाका मराठीत म्हणाले. "पाठ केलीय."

नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न बाईंनी विचारायचा होता. खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी ओठ ओले केले आणि पहिल्या महिन्यात शिकवतात तसला अगदी सोपा प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला.

"कॅसेट कुठे आहे?"

"कॅसेट माझ्या खिशात आहे."

बाईंनी वीसपैकी अठरा गुण लिहिले. आकडा स्वच्छ आला. हात थरथरला असता तर टेपकाकांना बरं वाटलं असतं.

व्हरांड्यात त्यांनी मागून हाक मारली. "थांबा. ऐका तरी. शेवटची तारीख होती हो माझ्या अर्जाची. बाजार बंद होता, कोरी कॅसेट मिळेना. मला वाटलं, परीक्षा दुसऱ्या बाजूवर आहे. चूक कळली तेव्हा अर्जही पाठवला नाही, कॅसेट खणामागे लपवली."

"चूक होते, मॅडम. माझ्याही हातून झाल्यात. पण चौकशीत बोललात ती चूक नव्हती."

"घाबरले होते मी."

"मीही घाबरलो होतो. तरी खरंच बोलत होतो."

बाईंचे डोळे भरून आले. "क्षमा मागते तुमची. मनापासून."

"क्षमा देवाकडे मागा, तो मोठा आहे. माझ्याकडे अर्ज द्या. कुलसचिवांच्या नावे, तुमच्या अक्षरात, दोन प्रती."

"चार महिन्यांत निवृत्त होतेय मी, टेपकाका! निरोप समारंभ ठरलाय. माझे विद्यार्थी लांबलांबून येणार आहेत..."

"म्हणूनच घाई आहे," टेपकाका म्हणाले. "एकदा सगळे आपापल्या गावी गेले की मग वाचणार कोण?"

आणि ते जिना उतरले. मागे वळून पाहायची फार इच्छा झाली, ती त्यांनी मारली नाही. पाहिलं. बाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी पोट भरून पाहिलं आणि मग उतरले.

परिपत्रक तीन आठवड्यांनी निघालं. दोन परिच्छेद. तंत्रज्ञ निर्दोष, तत्कालीन विभागप्रमुखांची लेखी कबुली, नोंद दुरुस्त. निरोप समारंभ आपोआप बारगळला.

रविवारी लेक आली तेव्हा टेपकाका म्हणाले, "उद्या दुकानातून तासभर सुट्टी काढशील का? विद्यापीठात यायचंय."

"बाबा, तो विषय..."

"बोलायचं नाहीये. वाचायचंय."

ती आली. फाटकाशी क्षणभर थांबली, मग आत शिरली. भाषा विभागाच्या सूचनाफलकाभोवती पोरांची गर्दी होती. कुणी वेळापत्रक उतरवत होतं, कुणी उगाच रेटत होतं. टेपकाका मागे उभे राहिले. लेक पुढे गेली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणारी पोरगी ते दोन परिच्छेद फार वेळ वाचत होती.

"तुम्ही सांगितलं होतं," वळून न पाहताच ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

फलकावर परिपत्रकाला तीनच टाचण्या होत्या. खालचा एक कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. लेकीनं इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या सायकल स्टँडच्या सूचनेची एक टाचणी उपटली, तो कोपरा सरळ केला आणि टाचणी त्यावर ठेवून अंगठ्यानं दाबली. टाचणी आत गेली. तरी ती दाबतच राहिली, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत.