हनुवटीवरचा कापूस

बाबांनी लेकीला 'तोफ' म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो शुद्ध टोमणा होता. पाहुणे आले की ही पोरगी दाराआड गडप व्हायची आणि बाबा हाक मारायचे, "अहो तोफ, बाहेर या!" पण गेल्या वर्षभरात काय जादू झाली कोण जाणे, तोफेला कंठ फुटला. आता ती वर्गात बोलायची, बसमध्ये बोलायची, झोपेतसुद्धा बोलायची. आणि काल तर तिनं वक्तृत्व स्पर्धेत सगळ्या शाळांना चारी मुंड्या चीत करून चक्क कप आणला होता!

तोच कप पिशवीत घालून ती शनिवारी सकाळी आईला ओढत कुटुंब केंद्रात घेऊन आली.

कुटुंब केंद्र म्हणजे लष्करी छावणीतली एक लांबट खोली. एका टोकाला पांढरी चादर ताणलेली, तिच्यापुढे स्टूल, स्टुलासमोर कॅमेरा. जिथं फोन पोचत नाही अशा ठाण्यांवरच्या, बाबांसारख्या माणसांसाठी घरच्यांनी इथं बसून बोलायचं. ते मेमरी कार्डात भरून रसदीच्या गाडीबरोबर जायचं आणि तिकडचं बोलणं परतीच्या गाडीनं यायचं. जायला दोन आठवडे, यायला दोन. दोन्हीकडे मागं चादर हवीच. खिडकी नको, तारीख नको, जागेचं नाव नको. हे सगळं सांभाळायच्या कॅमेरावाल्या मावशी. रडणाऱ्याला रुमाल आणि लाजणाऱ्याला दम, दोन्ही त्यांच्याकडे तयार असायचं.

"आधी बाबांचं आलंय ते बघ, मग तुझी तोफ डागू," म्हणत मावशींनी बटण दाबलं.

पडद्यावर बाबा आले. निळा शर्ट, हनुवटीवर दाढी करताना कापल्याचा कापसाचा बोळा.

"तोफे, हरलीस म्हणून तोंड पाडायचं नाही हं. स्टेजवर उभी राहिलीस, माझ्यासाठी तिथंच जिंकलीस..."

मावशी अशा झेपावल्या की स्टूल आडवं झालं. पडदा काळा.

"अगंबाई! हे दुसऱ्याच कुणाचं लागलं वाटतं."

"दुसऱ्या कुणाच्या मुलीचं नाव तोफ आहे?" तोफेनं विचारलं.

मावशींनी घाईघाईनं दुसरं बटण दाबलं. तोच निळा शर्ट, तोच कापूस. "तोफे! जिंकलीस ना! मला ठाऊकच होतं!"

एरवी तोफ नाचलीच असती. पण आता तिच्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला. निकाल कालचा. गाडीला यायला दोन आठवडे. मग बाबांना कळलं कसं? आणि माणूस एकाच दमात हरल्याचं सांत्वन आणि जिंकल्याचं कौतुक कसं करतो? पाणी कुठंतरी मुरत होतं. तिनं आईकडे पाहिलं. आई भिंतीवरची सूचना वाचत होती. तीच सूचना, जी ती दर शनिवारी वाचायची.

"आई, तुझा फोन दे."

"कशाला?"

"दे ना गं."

फोनमध्ये तिच्या वाढदिवसाचा निरोप होता, तीन महिन्यांपूर्वीचा. शर्ट पिवळा. तिनं चित्र बोटांनी मोठं केलं. हनुवटीवर कापूस. त्याच जागी, तसाच तिरका! मग आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा निरोप. शर्ट चौकड्यांचा. कापूस हजर!

"काल रात्री मोरीत जाऊन कुणाशी कुजबुजत होतीस?" तिचा आवाज चढला. "मावशींशीच ना? 'जिंकली बरं का, जिंकल्याचंच लावा,' असं?"

मावशी पडलेलं स्टूल उगाचच पुसायला लागल्या.

"बाबा आहेत ना?" तोफेनं विचारलं. एवढा मोठा कप आणलेल्या मुलीचा आवाज पार दाराआडच्या मुलीसारखा झाला होता. "खरं सांग. आहेत ना?"

"आहेत गं बाई, आहेत! असलं अभद्र बोलू नकोस." आईनं तिला जवळ ओढलं. "त्यांना आणखी वरच्या ठाण्यावर जायचं होतं. वाट कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बसून सगळं बोलून ठेवलं त्यांनी. वाढदिवस, आजीचे डोळे, तुझी स्पर्धा. शर्ट तेवढे बदलले."

"पुष्कळजण ठेवतात," मावशी हळूच म्हणाल्या. "नेमक्या दिवशी लावायचं काम माझं. आज हात चुकला."

"आणि खरं, ताजं असं काही?"

आईनं मान हलवली. "पहिल्या महिन्यात एक आलं. मग नाही. सगळे ठीक आहेत, एवढंच कार्यालयातून सांगतात."

"तुला पटतं?"

"मीसुद्धा रोज रात्री तो कापूसच बघत बसते," आई म्हणाली.

हे ऐकल्यावर तोफेला आईवर रागावताच येईना. पण संशय एकदा घरात शिरला की पाय पसरतोच. "मावशी, उद्या तुम्ही म्हणालात, हे घे, ताजं आलंय, तर मी कसा विश्वास ठेवू? हनुवटीऐवजी गालावर कापूस लावूनही बोलून ठेवलं असेल त्यांनी!"

मावशींनी हात टेकले. "मग काय करू, बाई?"

तोफ येरझाऱ्या घालायला लागली. बाबांनी सगळ्याचा विचार करून ठेवला होता, हरण्याचा आणि जिंकण्याचासुद्धा. मग त्यांच्या स्वप्नातही येणार नाही असं काय? ती एकदम थांबली.

"आई, स्कूटर!"

"गप! मुळीच नाही!" आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

बाबांची स्कूटर म्हणजे घरातलं पहिलं अपत्य. तिला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आणि गेल्याच महिन्यात आईनं गुपचूप ती शिकायला काढली आणि फाटकावर घातली होती. ती आता गोणपाटाखाली झाकलेली होती आणि तोफेला गप्प राहण्याची शपथ घातलेली होती.

"याचं उत्तर ते आधी देऊनच ठेवू शकत नाहीत," तोफ म्हणाली. "बघ बाई, तुझं तू ठरव."

आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग उठली, केस सारखे केले आणि फाशी जाणाऱ्या माणसासारखी स्टुलावर जाऊन बसली.

"अहो, ऐकलंत का," ती कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "ती तुमची स्कूटर... मी फाटकावर घातली. आता काय बोलायचं ते बोला. पण बोला."

कप पिशवीतच राहिला.

मग सुरू झालं वाट बघणं. गाडी गेली. गाडी आली, रिकामी. पुन्हा गेली. मायलेकी एकमेकींना काही विचारत नसत. मावशींचा फोन आला की दोघी एकदमच उठत आणि चादरी धुवायच्या राहिल्यात एवढंच ऐकून परत बसत.

एका दुपारी मावशी फोनवर म्हणाल्या, "या. मी अजून बघितलेलं नाही."

पडद्यावर दाढी वाढलेला, गालफडं बसलेला, ओठ फुटलेला एक माणूस आला. तोफेनं आधी हनुवटी शोधली. ती दाढीत कुठंच दिसेना. कुणीतरी दाढी चिकटवली असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आईनं तिचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

माणूस खोकला. ना नमस्कार, ना तोफे, ना कशी आहेस.

"नुसती काच फुटली," बाबांनी कपाळाला हात लावत विचारलं, "की अख्खा दिवाच गेला?"