चौकडीचा चौथा सूर

पहिला टेक संपला आणि चौघी माइकभोवती नाचायला लागल्या. रेकॉर्डिंगच्या खोलीतली लाकडी जमीन कुरकुरते म्हणून बूट दाराबाहेर काढून ठेवायची त्यांची जुनी पद्धत. त्यामुळे नाच मोज्यांवर चालला होता, आणि गिरकी घेता घेता त्यांच्यातली एक घसरत जाऊन थेट पियानोला धडकली.

"शिट्टी, अगं काय लागलेत तुझे वरचे सूर आज!" गटाची म्होरकी ओरडली. "काय खाऊन आलीस?"

"काही नाही गं. लागले आपले," शिट्टी म्हणाली आणि लाजल्यासारखं केलं. आतून तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. एरवी वरचा सूर जवळ आला की ती मोज्यांत पायाची बोटं आवळून धरायची. दर कार्यक्रमाच्या आधी गरम पाण्याचे पेलेच्या पेले रिचवायची. आज मात्र सूर कुणीतरी काखेत हात घालून उचलून वर ठेवावा तसा गेला होता. स्वच्छ, चमकता, फुकटात मिळाल्यासारखा.

चौकडी हा चार मुलींचा गाणारा गट. टोपणनावं गटातल्याच एकीनं ठेवलेली. सगळ्यांना कामाला लावणारी म्होरकी ती मुकादम. कुठल्याही गाण्यात मधोमध पसरून बसणारा आवाज आणि कुठेही झोपायची तयारी असलेली ती गादी. सगळ्यांच्या वर गाणारी ती शिट्टी. ती स्टेजवर आली की अख्खं सभागृह शिट्ट्या वाजवायचं. आणि नावं ठेवणारी स्वतः तळाचा सूर गायची म्हणून भोंगा. या भोंग्यानं वर्षाच्या सुरुवातीला गट सोडला आणि ड्रायव्हिंग स्कूल काढलं. तिच्या जागी मॅनेजरनं एक मुलगी आणली, तीन महिने बघू आणि मग ठरवू अशा बोलीवर. तिला टोपणनाव देणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती नुसती नवी. अल्बमचं नाव 'पुन्हा चौघी', आणि आज त्यातलं पहिलं गाणं रेकॉर्ड होत होतं.

चौकडीची आणखी एक पद्धत होती. आपापला सूर प्रत्येकीनं घरी बसवायचा आणि चौघींनी पहिल्यांदा एकत्र गायचं ते थेट माइकसमोर. पहिल्या अल्बमला असंच झालं होतं, अल्बम धडाक्यात चालला होता, आणि तेव्हापासून एकत्र तालीम करायची म्हटली की मुकादम कानांवर हात ठेवायची.

"छान आहे," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. हा बोलायला महाग माणूस, त्यामुळे चौघी पुन्हा एकदा नाचल्या. "पण हवेत आहे."

"म्हणजे?"

"तळाचा सूर कोण गातंय?"

मुकादमनं नवीकडे बोट दाखवलं. गादीनं नवीकडे बोट दाखवलं. शिट्टीनंही. नवीनं मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

"मी तर वरचा गात होते," नवी म्हणाली.

"वरचा?" शिट्टी म्हणाली. "वरचा मी गाते!"

"हो ना ताई. मला वाटलं, दोघी गातो आपण. मुकादमताईच म्हणाल्या होत्या, तुझ्या गळ्याला बसेल तो सूर धर, बाकीचं आम्ही सांभाळून घेऊ."

"ते मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं!" मुकादमनं कपाळाला हात लावला. "भोंग्याच्या जागी आलीस तर भोंग्याचाच सूर धरणार ना?"

सगळ्यांची तोंडं काचेपलीकडे बसलेल्या मॅनेजरकडे वळली. निवड त्यानं केली होती.

"मी फोनवर ऐकलं हिला," मॅनेजर म्हणाला. "छान गात होती. फोनवर वरखाली काय कळतंय?"

गादी पियानोखाली बसून पोट धरधरून हसत होती. "म्हणजे आपण तळ नसलेलं भांडं वाजवून नाचत होतो?"

शिट्टी हसत नव्हती. ती नवीचं बोलणं मनात पुन्हा ऐकत होती. दोघी गातो आपण.

"वरचा सूर एकेकीनं गा बरं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "किती जवळ बसलेत बघू. मला दोन वेगळे ऐकूच आले नाहीत."

आधी नवी गायली. सूर लागला, झळकला, आणि ती हात खिशात घालून उभी होती. मग शिट्टी गायली. पायाची बोटं आवळून, मान किंचित वर करून. लागला. नेहमीसारखाच लागला. म्हणजे मगाशी काखेत हात घालून उचलणारं कुणीतरी खरोखरच होतं, आणि ते मोजे घालून शेजारीच उभं होतं.

"तुझ्यात गोडवा जास्त आहे," गादी पियानोखालून शिट्टीला म्हणाली. गादी कधी खोटं बोलत नसे, त्यामुळे ते चटकन ओळखू आलं.

"तर मग काय," मॅनेजर हात झटकत म्हणाला, "सोपं आहे. बोलीचे तीन महिने अजून भरायचेत. हिला मोकळं करू, खालच्या आवाजाची मुलगी बघू. शिट्टीची जागा शिट्टीचीच."

नवीनं खिशातले हात बाहेर काढले.

"थांबा हो," मुकादम म्हणाली. "आधी भोंग्याला विचारू. एका अल्बमपुरती येईल."

फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी हॉर्न ऐकू आला, मग तो ओळखीचा खोल आवाज. "क्लच, काका! क्लच म्हणजे डावा पाय! बोल गं मुकादम."

मुकादमनं घडलेलं सांगितलं. भोंगा इतकी हसली की शिकाऊ काकांनी विचारलं, गाडी थांबवू का?

"थांबवा. इथे नाही, बाजूला घेऊन. अजून बाजूला. झाडं सोडून, काका!" मग फोनकडे वळून ती म्हणाली, "मी नाही येत बाई. आणि मला कशाला विचारताय? शिट्टी आहे ना."

"शिट्टी काय?"

"अगं, दौऱ्यावर सकाळी बसमध्ये जाग आल्यावर ही 'चहा आला का' विचारते तेव्हा काचा थरथरतात. हिचा खरा आवाज तो आहे. माझ्याहून खालचा. मी वर्षानुवर्षं मनात घाबरून होते, हिला कळलं तर माझी नोकरी जायची. काका, हँडब्रेक! ठेवते."

खोलीत सगळे शिट्टीकडे बघायला लागले.

"मला नाही येत खालचं," शिट्टी म्हणाली. "काहीतरीच."

"खलास. मग ठरलं," मॅनेजर म्हणाला. "नवीला बदलायची."

शिट्टी चहाच्या खोलीत गेली. तिनं दार लोटलं आणि आईला फोन लावला. आई तरी आपल्या बाजूनं बोलेल.

"खालचा आवाज? मग आहेच तो तुझा," आई म्हणाली. "तू शाळेत असताना घरचा फोन उचललास की लोक तुला बाबा समजून बोलायचे. विम्याच्या माणसाला तू एकदा असं झापलंस की तो पुन्हा आला नाही. बाबांनी तुला आइस्क्रीम दिलं होतं."

"आई, मी वरचं गाते. लोक मला शिट्टी म्हणतात."

"लोक म्हणतात गं. पण तू टीव्हीवर गायला लागलीस की मी बाबांचा हात धरून बसते. चप्पल चावत असताना हसणाऱ्या बाईसारखा चेहरा होतो तुझा. बरं, जेवलीस का?"

शिट्टीनं फोन ठेवला. घरचेच असं बोलायला लागले तर माणसानं जायचं कुठे? तिला काहीच करायची गरज नव्हती, एवढं मात्र खरं. इथे गप्प बसून चहा प्यायचा, की जागा तिची. शिट्ट्या तिच्या. पायाची बोटंही तिचीच, ती आणखी काही वर्षं आवळायची.

दार ढकलून नवी आली. डोळे लाल होते, पण आवाज साधा. "ताई, मी खालचं करून बघते. तुम्ही फक्त सांगा कसं वाटतंय."

"मी कशाला सांगू?"

"बाहेर विचारायची लाज वाटते."

नवीनं हनुवटी गळ्यात खुपसली, डोळे मिटले आणि खालचा सूर लावला. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा आवाज आला. शेवटी तर नुसतीच हवा.

शिट्टीनं ओठ दाबून धरले. नवीनं एक डोळा उघडला. "वाईट आहे?"

"वाईट नाहीये. सूरच नाहीये."

नवी फिसकन हसली. मग शिट्टीही. नवीनं पुन्हा हनुवटी खुपसली, पुन्हा हवा गेली, आणि आता दोघी ओट्याला धरून वाकल्या होत्या.

"अगं, हनुवटी कशाला पाडतेस, सूर काय पायात पडलाय?" शिट्टी डोळे पुसत म्हणाली. "असं नाही. सरळ उभी राहा. आणि हे असं."

तिनं लावून दाखवला.

ताटलीतले चमचे किणकिणले. शिट्टी स्वतःच दचकली, पण सूर सोडला नाही. सोडवत नव्हता. काही आवळावं लागत नव्हतं, मान वर करावी लागत नव्हती. घरी आल्यावर बूट काढून पाय लांब करावेत, तसं होतं ते. नवीनं तोंडातल्या तोंडात त्यावर वरचा सूर धरला, सवयीनं, विचार न करता. आणि तो शिट्टीला अगदी स्पष्ट, डोक्यावर कुठेतरी, वेगळा ऐकू आला. वर असताना तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू यायचा, आणि त्यातही भीतीच जास्त.

दार धाडकन उघडलं. मुकादम, तिच्या मागे गादी, तिच्या मागे मॅनेजर, आणि सगळ्यात मागे टाचा उंच करून रेकॉर्डिस्ट.

"कोण होतं ते?" मुकादमनं विचारलं.

शिट्टीनं श्वास घेतला. अजूनही "कुणी नाही" म्हणता आलं असतं.

"मी," ती म्हणाली. "आणि हिला बदलायची नाही. वरचं ही गाईल."

नवीनं तिला अशी मिठी मारली की ओट्यावरचा चहा दोघींच्या अंगावर सांडला. गादीनं दोघींना मिठी मारली. मॅनेजर म्हणाला, "अहो, पण पोस्टरवर शिट्टी लिहिलंय," आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"पण माझी एक अट आहे," मिठीच्या आतून शिट्टीचा आवाज आला, तोच, खालचा.

"आलीच का अट?" मुकादम म्हणाली. "मला वाटलंच, एवढा त्याग फुकटात कसा होतोय."

"गाण्याची सुरुवात तळाच्या सुरानं. एकटीनं. तुम्ही तिघी नंतर या."

"बघा! खाली गेली तरी पुढेच उभी!"

"पुढे नाही, आधी. फरक असतो."

रेकॉर्डिस्टनं चक्क मान डोलावली. चौघी पुन्हा मोज्यांवर माइकभोवती उभ्या राहिल्या. शिट्टीनं सुरुवात केली. सूर असा पसरला की काचेपलीकडे मॅनेजरनं हातातला फोन बाजूला ठेवला. शिट्टीला ते दिसलं, भलतंच आवडलं, आणि मजा वाटून ती आणखी खाली गेली. मग त्याहूनही खाली. मधला सूर धरायला टपलेल्या गादीला आपला सूर सापडेना. मुकादम तोंड उघडून नुसतीच उभी राहिली. नवी हसू दाबता दाबता लाल झाली.

"अगं ए, वर ये!" मुकादम हातानं खुणा करत ओरडली. "गाणं वर आहे! वर ये!"

शिट्टीनं डोळे मिटून घेतले होते आणि ती काही ऐकायला तयार नव्हती. शेवटी तिघींनी मिळून तिला दोन्ही काखांत धरून हलवलं, तेव्हा कुठे ती थांबली.

"पुन्हा," ती काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकडे बघत म्हणाली. "दादा, पुन्हा घ्या."