बुधवारची चाचणी

मी मत्सरी माणूस आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला साधाभोळा समजायला नको. समोरच्यांच्या खिडकीत आमच्यापेक्षा अर्धा तास जास्त ऊन राहतं, याचंही माझ्या पोटात दुखतं. पण माझा सगळ्यात मोठा जळफळाट होता तो लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांवर.

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि बायको लिफ्टच्या कंपनीत आहे. एखाद्या इमारतीत लिफ्ट मध्येच बंद पडली आणि आतल्या माणसाने घंटेचं लाल बटण दाबलं, की लिफ्टच्या भिंतीतून जो आवाज येतो तो हिचा. "घाबरू नका. मी इथेच आहे, कुठेही जात नाही. माणूस निघालाय." मग दार उघडेपर्यंत ही त्या माणसाशी बोलत राहते. घरी कोण कोण आहे विचारते, जेवलात का विचारते, घसा कोरडा पडला असेल तर गिळत राहा म्हणते. लग्नाला बारा वर्षं झाली. मला जेवलात का असं तिने शेवटचं कधी विचारलं, ते आठवायला मला बसावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने तिला एक फोन घरी नेण्यासाठी दिला. काळा, जाडजूड, ज्यावरून कुणाला फोन लावता येत नाही, फक्त आलेला घेता येतो. ऑफिसात सगळ्यांचे हात गुंतले, की उरलेली घंटा आमच्या घरी वाजणार. आणि वाजायचीच. ताटावर बसलो की वाजायची. आमच्या लेकीच्या शाळेत नाटक होतं. ती एका जागी टिकत नाही आणि माझा धंदा भिंगांचा, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तर नाटकात भिंगरी झाड झाली होती आणि त्या झाडाला एकच वाक्य होतं. झाडाने तोंड उघडलं आणि ही फोन घेऊन व्हरांड्यात. वाक्य संपलं, टाळ्या संपल्या, झाड रडायला लागलं, तरी ही बाहेर कुणालातरी खोल श्वास घ्यायला सांगत होती.

त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिच्या ऑफिसात जाऊन मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण "माझी बायको म्हणजे तुमच्या लिफ्टचा सुटा भाग नाही" हे वाक्य मी बोललो आणि ते मला अजून आवडतं. साहेब थंड माणूस होते. त्यांनी पाणी दिलं, कागद काढला आणि शेवटी बुधवारी दुपारी एक ते संध्याकाळी सहा हा वेळ आमचा झाला. त्या वेळात फोन येणार नाही. फक्त एक अपवाद. दर आठवड्याला प्रत्येक लिफ्टच्या घंटेची चाचणी घ्यावी लागते. लिफ्टमधून कुणीतरी बटण दाबायचं, "चाचणी" म्हणायचं, इकडून "चाचणी पूर्ण" म्हणायचं, की झालं. सत्तावन्न नंबरच्या लिफ्टची चाचणी नेमकी बुधवारी चार वाजता असे आणि ती हिच्याकडेच राहिली. एवढ्याशाने काय होतं, म्हणून मीही ताणलं नाही. तिथेच चुकलं.

बुधवारी भिंगरीची शाळा लवकर सुटते. मीही दुकान एक वाजताच बंद करायला लागलो. मिळालेला वेळ वाया जाऊ नये म्हणून एक कागद लिहून फ्रिजवर लावला. एक वाजता जेवण. दोन वाजता पत्ते. तीन वाजता गप्पा. साडेचारला तिघांनी मिळून काहीतरी करणे. साडेपाचला चालायला जाणे. तो वाचून बायको म्हणाली, "अहो, गप्पा तीन वाजता सुरू करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?"

"बोलायचं. दुसरं काय?"

"बरं," ती म्हणाली आणि बरोबर तीनला माझ्यासमोर येऊन बसली.

मी त्या बुधवारांवर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. तिच्या बहिणीचा फोन आला तरी मी लांबूनच हातवारे करायचो, बुधवार, बुधवार. ती पेपर घेऊन बसली तर तो मी मोठ्याने वाचून दाखवायचो, म्हणजे तोही दोघांचा. नवरा असावा तर असा, असं मला माझ्याबद्दल मनापासून वाटायचं.

आणि चार वाजता घंटा वाजायची. ही फोन घेऊन बाल्कनीत जायची, मागे काचेचं दार ओढून घ्यायची. अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्या बुधवारी पाच मिनिटं लागली, पुढे दहा आणि मग सरळ वीस. घड्याळ बघत बसायला मला दुसरं काम नव्हतंच, कारण पुढचा कार्यक्रम तिघांचा होता. मी पाय न वाजवता दारापाशी जायचो. ही फोन कानाला लावून, माझ्याकडे पाठ करून उभी. आतून ऐकू यायचं, "हो. हो ना. घाबरू नका. मी इथेच आहे, कुठेही जात नाही." वीस मिनिटांनी आत आली की चेहरा असा ताजा, की कुणीही विचारावं, कुठून फिरून आलात?

"कोण होतं?" मी विचारायचो.

"सत्तावन्न नंबर. चाचणी."

"चाचणीला कुणी घाबरतं होय?"

"असतात काही माणसं हळवी," ती म्हणायची आणि पत्ते पिसायला घ्यायची.

हळवी! हा शब्द माझ्या डोक्यात आठवडाभर भुणभुणत राहिला. दुकानात गिऱ्हाईक समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायचं आणि मला त्याच्या जागी तो सत्तावन्न नंबरवाला दिसायचा. उंच असणार. आवाज भारदस्त असणार. एकटा राहत असणार, एकट्या माणसांना बायका लगेच जेवलात का विचारतात. बुधवार मी भांडून मिळवला आणि त्यातली वीस मिनिटं हा कोण कुठला लांबवतोय! एकदा एका बाईंना मी उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली. त्या दोन दिवसांनी भिंतीला धडकून परत आल्या. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

शेवटी हिच्या वहीतून सत्तावन्न नंबरचा पत्ता काढला आणि एका सोमवारी दुकानावर "आलोच" अशी पाटी लावून निघालो. सात मजली, करड्या रंगाची इमारत. लिफ्टशेजारी स्टुलावर एक गृहस्थ बसले होते, साठीचे, ठेंगणे, कानांवर केस. इमारतीची देखभाल तेच बघत. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

"बुधवारी चार वाजता चाचणी कोण करतं?" मी विचारलं.

"मीच. का? कंपनीकडून आलात?"

"हो," मी ठोकून दिलं. "बोलणं फार लांबतंय, अशी तक्रार आहे."

"लांबतंय?" ते गृहस्थ हसत उठले. "या, दाखवतो."

त्यांनी लिफ्टमध्ये एका छोट्या भोकात चावी घालून फिरवली आणि बटण दाबलं. भिंतीतून एका पुरुषाचा आवाज आला, सोमवारचा कुणीतरी. "बोला."

"सत्तावन्न. चाचणी."

"चाचणी पूर्ण." आणि फोन बंद.

"झालं," ते म्हणाले. "आणि मी बोलत बसायचं म्हटलं, तरी चावी फिरवलेली असली की मशीन मिनिटभरात आपणहून बंद होतं. बुधवारच्या त्या बाईंशी दोन शब्द जास्त बोलावेसे मलाही वाटतात हो, आवाज काय गोड आहे त्यांचा! पण मशीनपुढे कुणाचं चालतंय?"

एरवी मी त्यांच्या दांडीचा स्क्रू तिथल्या तिथे बसवून दिला असता. त्या "गोड"नंतर नाही दिला.

परत येताना आधी माझा जीव भांड्यात पडला आणि चौकापर्यंत पोचेतो पुन्हा वर आला. सत्तावन्न नंबर मिनिटभरात बंद होतो, तर उरलेली एकोणीस मिनिटं कोण? त्या फोनवरून बाहेर लावता येत नाही. तिचा स्वतःचा फोन तर बुधवारी मी फ्रिजवर ठेवायला लावतो. मग कोण?

त्या बुधवारी चार वाजता घंटा वाजली. ही बाल्कनीत गेली, दार ओढलं. मी भिंगरीला पत्त्यांचा बंगला बांधायला बसवलं आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या खिडकीतून बाल्कनीचा कोपरा दिसतो.

तिने कानाला फोन लावला, दोन शब्द बोलली. मग फोन कानावरून काढून एकदा बघितला. दिवा विझला होता. तिने तोच विझलेला फोन परत कानाला लावला आणि कठड्याला टेकली.

ती कुणाशीही बोलत नव्हती. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती, ते बघत होती. एक चप्पल काढून तिने त्या पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. जांभई दिली, पूर्ण, तोंडावर हात न ठेवता. मध्येच कशालातरी स्वतःशी हसली. कशाला हसली ते मला कधीच कळणार नाही आणि त्या क्षणी जे काही तिच्या मनात होतं, त्याच्यावर मी जसा जळलो, तसा कुठल्या माणसावर जळलो नव्हतो.

मी जरा पुढे वाकलो तर कोपर लागून झाकण पडलं. आवाज झाला. तिची पाठ एकदम ताठ झाली आणि ती फोनमध्ये म्हणाली, "हो, हो. घाबरू नका. मी इथेच आहे, कुठेही जात नाही."

मग कान देऊन थांबली. मी हललो नाही. पुन्हा शांत झालं, तशी तिची पाठ सैल झाली.

म्हणजे तो लांबवणारा हळवा माणूस मीच होतो. माझी चाहूल लागली की ती बोलायची. कंपनीच्या तावडीतून मी तिला सोडवून आणलं होतं आणि एक ते सहा स्वतःच्या तावडीत धरून ठेवलं होतं. माझ्यापासून वीस मिनिटं सुटायला तिला जगात एकच कारण सापडलं होतं. ते म्हणजे काम. कारण कामापुढे मी गप्प बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ती आत आली तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं, फोन तर बंद होता. बोललो असतो तर मी जिंकलो असतो. तिचा चेहरा कसा पडेल तेही मला दिसत होतं. तेवढ्यात भिंगरीचा पत्त्यांचा बंगला कोसळला आणि त्या दोघी मिळून खो खो हसल्या. मी "चला, साडेचार वाजले" एवढंच म्हणालो.

आठवडाभर मला झोप नीट नव्हती. कुणी परका असता तर त्याच्याशी भांडलो असतो, जाऊन गचांडी धरली असती. चादरी बघणाऱ्या बायकोची गचांडी कशी धरायची? बुधवार उजाडला. फ्रिजवरचा कागद मी काढला, घडी घालून खिशात टाकला. जेवणं झाली. पत्ते काढायच्या वेळी मी भिंगरीला बूट घालायला सांगितलं.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"आम्ही दोघं जरा बाहेर जाऊन येतो. तू थांब घरी."

"मी? एकटी?" ती ओट्यापाशी ओला हात तसाच धरून उभी राहिली. "का हो? माझं काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं."

"मग मी आवरते दोन मिनिटांत, येते बरोबर."

"नको," मी म्हणालो. हे "नको" तोंडातून काढायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तिने चल म्हणावं, मागे लागावं, रुसावं, असं मला आतून ओरडून वाटत होतं. एकदा तरी हट्ट कर, मी लगेच कागद परत लावतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. डोळ्यांचा नंबर काढताना मी लोकांकडे बघतो, तसं. मग तिची नजर बाल्कनीच्या दाराकडे गेली आणि तिथून परत माझ्याकडे आली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"किती वेळ लागेल?" तिने हळूच विचारलं.

"दोन तास," मी म्हणालो. "लवकर हवं असेल तर तासाभरात येऊ."

"नाही, नाही!" ती घाईने म्हणाली आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आली. भिंगरीची कॉलर सरळ केली. माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

"आत्ताच जेवलात, पळू नका," ती म्हणाली. "सावकाश या."

बारा वर्षांत इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.