मुलगे न ठेवणारी पेढी

मी जन्मलो तेव्हा आमच्या घरी शकुनाचा लाल चवळीचा भात शिजला नाही. चवळी भिजत घातलेली होती. सुईणीनं "मुलगा" म्हणताच आजीनं ती उपसून उन्हात वाळत टाकली. आमची स्वयंपाकीण ही गोष्ट मला पुढे कितीदा तरी हसत हसत सांगायची. माझी थोरली बहीण तोयोताई झाली तेव्हा मात्र अर्ध्या गल्लीला भात वाटला होता.

ओसाकाच्या सेम्बा पेठेत आमची तोमोएया पेढी. धंदा कोंबूचा. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या शेवाळाच्या या लांबलचक पट्ट्या वाळून जहाजानं आमच्याकडे येतात. आल्या आल्या त्या विकायच्या नसतात. चटयांत गुंडाळून वखारीत ठेवायच्या. एक हिवाळा गेला की समुद्राचा उग्रपणा जातो आणि आणखी दोन गेले की त्या उकळून केलेल्या सारात गोडवा उतरतो. घाई केली की माल वाया. आमचं घराणंही असंच, घाई न करणारं आणि कोणाचीही दयामाया न ठेवणारं.

पेढीच्या मालकाचं नाव नेहमी किहेई. पहिल्या किहेईचा मुलगा नाटकवाल्यांच्या नादी लागला आणि त्यानं दोनातली एक वखार उडवली. तेव्हा त्याच्या आईनं ठरवलं, की यापुढे घरात जन्मलेला मुलगा गादीवर बसणार नाही. पोटचं पोर जसं निपजेल तसं पदरात घ्यावं लागतं, जावई मात्र पारखून घेता येतो. म्हणून दहा-दहा वर्षांची पोरं कामाला ठेवायची, वीस वर्षं डोळ्यात तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवायची, आणि त्यातला एक निवडून घरच्या मुलीशी त्याचं लग्न लावायचं. त्याचं नाव पुसायचं, आडनाव पुसायचं, आणि त्याला किहेई करायचं. घरच्या मुलाला विसाव्या वर्षी चार पैसे देऊन बाहेर काढायचं आणि त्यानं कोंबूचा धंदा करायचा नाही. एका किहेईनं खोटा माल घेतला, तर आजीच्या आईनं त्याला जिवंतपणीच बदलला. नाव काढून घेतलं, नेसत्या कपड्यानिशी घालवला आणि महिन्याभरात दुसरा किहेई आणला. गिऱ्हाइकांना कळलंसुद्धा नाही.

मला या सगळ्याचा संताप येतो, पण खोटं कशाला बोलू? पेढी टिकली. आमच्या समोरचा पंख्यांचा व्यापारी मुलाच्या दारूपायी बुडाला. कोपऱ्यावरच्या तेलवाल्याचे दोन मुलगे कोर्टात गेले आणि त्यांचं दुकान वकिलांनी खाल्लं. आगी लागल्या, पटकी आली, बँका बुडाल्या, तरी तोमोएयाचा निळा पडदा रोज सकाळी दारावर चढतच होता.

माझं दुर्दैव असं, की चव माझ्याकडे होती. बारा वर्षांचा असताना मी पट्टीचा तुकडा दाताखाली धरून सांगायचो, हा कुठल्या किनाऱ्याचा आणि किती हिवाळे वखारीत काढलेला. म्हातारे मुनीम तोंडात बोट घालायचे. वडिलांचा चेहरा आधी फुलायचा आणि मग आजीकडे बघून उतरायचा. तेही बाहेरून आणलेलेच, त्यांचं घरात काय चालणार?

आजी म्हणाली, "कुत्र्याला शिंगं फुटली म्हणून त्याला नांगराला जुंपतात होय?"

विसाव्या वर्षी मला बाहेर काढलं. तोयोताईला मिळालेला किहेई कोंबू चाखताना डोळे मिटायचा, पण त्याला मीठ आणि गोड यापलीकडे काही कळत नसे. हिशेबात चोख, स्वभावानं गरीब, एवढंच त्याचं भांडवल. मी नदीपलीकडे तेम्मा पेठेत लाकडी खडावांना पट्टे लावायचं दुकान टाकलं. शिमाशी लग्न केलं. महिन्यातून एकदा पूल ओलांडून माझ्याच घरी गिऱ्हाईक म्हणून जायचो आणि पाव शेर कोंबू विकत आणायचो.

मग देवानं माझ्याकडे पाहिलं. तोयोताईला एकामागून एक तीन मुलगे झाले, मुलगी नाही. आणि मला झाली नुई. त्या दिवशी मी स्वतः लाल चवळीचा भात शिजवला. शिमाला वाटलं, नवरा मुलीवर किती माया करतो!

नुई पाच वर्षांची झाल्यापासून रोज सकाळी मी तिच्यापुढे साराचे दोन वाडगे ठेवायचो. जुनं कोणतं, नवं कोणतं, ओळख. ओळखलं तर जेवण. चुकलं तर भात नाही.

शिमा म्हणायची, "अहो, पोर आहे ती. माकडासारखी काय नाचवताय तिला?"

"तू गप्प बस. तिचं नशीब घडवतोय."

पोरगी हुशार. सुरुवातीला रडायची, मग रडणं थांबलं, मग चुकणंही थांबलं. पंधरा वर्षांची झाल्यावर मी तिला पेढीवर घेऊन गेलो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "नुई, ही पट्टी कशी गं?" तिनं वास घेतला आणि म्हणाली, "दोन हिवाळ्यांची आहे. तीनची म्हणून लावलीय." मुनिमानं आत जाऊन पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. मी खाली मान घालून घरी आलो आणि वाट बघत बसलो.

दोन वर्षांनी तोयोताई स्वतः पूल ओलांडून आली. माझ्या दुकानात बसायला जागा नव्हती. तिनं खडावांचा ढीग पायानं सरकवला आणि बसली.

"खडावांचं बरं चाललंय म्हणे."

"लोकांना पाय आहेत तोवर चालेल, ताई. तुझे मुलगे काय म्हणतात? तीन-तीन! नशीबवान बाई."

"टोमणे नंतर मार, सेइकिची. मी कशाला आलेय ते तुला माहीत आहे."

"नाही बुवा. पट्टा तुटलाय का?"

तिनं दात आवळले. मग अटी सांगितल्या. नुई कायद्यानं तोयोताईची मुलगी होईल. तिचा नवरा पेढी निवडेल. शिमा मामी होईल आणि मी मामा. आम्ही पुढच्या दारानंच यायचं, गिऱ्हाईक म्हणून. आत पाऊल ठेवायचं नाही.

तिचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं होतं. "तू आईच्या वळणावर जायला हवा होतास, आजीच्या वळणावर गेलास," ताई म्हणाली. मला ते कौतुकच वाटलं.

त्या संध्याकाळी नुई पट्टे विणत बसली होती. शेजारच्या रंगाऱ्याचा मुलगा कांजी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे यायचा. त्याच्या निळ्या बोटांचे डाग आमच्या दारावर उमटलेले असायचे. मला दिसत नव्हतं असं नाही.

"बाबा, मी नाही म्हटलं तर?" तिनं विचारलं.

"तर भात नाही," मी हसून म्हणालो.

शिमा हसली नाही. नुईही हसली नाही. तिनं हातातला पट्टा पुरा विणला, गाठ मारली आणि उठून गेली.

निघायच्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. "एकच कर. घर तुझ्या हातात आलं की तुझा पहिला मुलगा गादीवर बसव. माझं रक्त, माझी जीभ त्या गादीवर बसलेली मला बघायचीय. बाकी मला काही नको."

"बघते, बाबा," ती म्हणाली. ती मला बाबा म्हणाली ती शेवटची.

तोकुमात्सु नावाचा एक घुमा मुनीम तिच्यासाठी निवडला गेला. त्याचा किहेई झाला. आणि नुई? तोयोताई पुष्कळ बरी होती असं नोकर म्हणू लागले. नुई माल बघायची आणि डाग दिसला की पट्टी कापायची. माणसांचंही तसंच. पंधरा वर्षं काम केलेल्या मुनिमाला एका चुकीच्या चिठ्ठीवर तिनं घरी बसवलं. तांदूळ महागला म्हणून दंगल झाली, शेजारच्या वखारी लुटल्या गेल्या, तेव्हा तिनं आदल्या दिवशीच दारात मोठं पातेलं ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सार पाजायला सुरुवात केली होती. जमावानं सार प्यायलं आणि पुढच्या दुकानावर दगड मारले. मला केवढा अभिमान वाटला!

शिमा वारली तेव्हा नुई आली. भाच्यांच्या रांगेत बसली, भाचीनं वाहावी तेवढीच उदबत्ती वाहिली आणि मला म्हणाली, "मामा, तब्येत सांभाळा." शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली. आणि मनात म्हटलं, थोडं थांबायचंय. कोंबूला वेळ लागतोच.

नुईला पहिली मुलगी झाली, गल्लीला भात वाटला. मग मुलगा झाला. तेइची. भात शिजला नाही, पण मला चालणार होतं. पुढच्या वर्षी तोयोताई गेली आणि घरात नुईच्या शब्दापुढे शब्द टाकणारं कोणी उरलं नाही.

मी दर महिन्याला जात होतो. तेइची पडद्याआडून डोकावायचा. सहा वर्षांचा असताना एकदा तो माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे नका घेऊ, अजून समुद्र लागतो याला." माझीच जीभ! दोन पिढ्या ओलांडून तिथं बोलत होती.

त्या दिवशी मी दुकान रिकामं होईपर्यंत थांबलो.

"नुई," मी म्हणालो.

"काय देऊ, मामा?"

"मामा-बिमा राहू दे आता. तोयो गेली. तू मालकीण आहेस. पोराला चव आहे. आता तरी तो नियम मोड."

ती तराजू पुसत होती. "चव आहे, मलाही कळलंय. म्हणूनच त्याला उद्या पाठवतेय."

"कुठं?"

"वाकायामाला. एक लाकडाचा व्यापारी आहे, मूलबाळ नाही. त्यांना दत्तक देतेय."

मला आधी कळलंच नाही. "अगं, सहा वर्षांचा आहे तो! नियम विसाव्या वर्षाचा आहे."

"तीच तर खोट होती नियमात," ती म्हणाली. आवाज चढला नाही, गिऱ्हाइकाशी बोलतात तसाच होता. "मुलाला वीस वर्षं या वासात वाढवायचं आणि मग बाहेर काढायचं. असा माणूस बाहेर जाऊन काय करतो? आत शिरायची वाट शोधत बसतो. पोटच्या पोरीची पहार करतो आणि भिंत फोडतो. घराला धोका जावयांचा नव्हता, मामा, तुमच्यासारख्यांचा होता. आता आमच्याकडे मुलगा दुधाचे दात पडायच्या आत बाहेर जाईल. त्याला आठवणारही नाही."

मी हात जोडले. खरंच जोडले. "मग मला दे. मी एकटा आहे. मी सांभाळतो."

"तुमच्याकडे?" तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्याकडे ते दोन वाडगे आहेत."

मागे किहेई गादीवर बसला होता. स्वतःच्या मुलाबद्दल चाललंय हे त्याला ऐकू येत होतं. त्यानं हिशेबाच्या मणीचौकटीवर एक मणी सरकवला, मग दुसरा.

नुईनं माझा पाव शेर तोलला. तिचा हात चुकला. मी तिला वजनात चुकताना कधी पाहिलं नव्हतं. पारड्यात जास्त पडलं होतं. ती क्षणभर त्याकडे बघत राहिली, मग जास्तीचा तुकडा तिनं काढून परत डब्यात टाकला, पुडी बांधली आणि वाकून म्हणाली, "पुन्हा या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. तेइची मोलकरणीबरोबर होडीची वाट बघत बसला होता, मांडीवर बोचकं. घरातून कोणी आलं नव्हतं. कालची पुडी माझ्या बाहीत तशीच होती, घरी जाऊन ती सोडायचं भान मला राहिलं नव्हतं.

पोरानं नाक वर केलं. "आजोबा, तुमच्याकडे कोंबू आहे."

"आहे."

"तुम्ही कोण?"

मी तोंड उघडलं. "गिऱ्हाईक," मी म्हणालो.

"बघू?" मी पुडी पुढे केली. त्यानं नाक लावलं, डोळे बारीक केले. "चार हिवाळे. आणि वरच्या चटईतला आहे, भिंतीकडचा नाही." मग माझ्याकडे बघितलं. नुई माझ्याकडे बघायची तसंच, भाताची वाट बघत. "बरोबर ना?"

बरोबर होतं. भिंतीकडचं मलाही कळलं नसतं. इतकी चव आमच्या घराण्यात आजवर कोणाला आली नसेल. एकदा हो म्हटलं असतं, तर हे पोर आयुष्यभर कुठल्या तरी पुलापलीकडे उभं राहून वास घेत राहिलं असतं. वाटलं, त्याला उचलावं आणि पळत सुटावं. पण पळून नेऊन मी त्याला काय दिलं असतं? सकाळी दोन वाडगे.

"चूक," मी म्हणालो. "साफ चूक. एक हिवाळासुद्धा झाला नाही याला. तुला काही कळत नाही, पोरा."

त्याचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा एकदा वास घेतला, या वेळी घाबरत, आणि पुडी मला परत दिली. होडी आली तेव्हा मोलकरणीनं त्याला दंडाला धरून चढवलं. तो बोचक्यात तोंड खुपसून बसला. मागे वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही.

पुलावरून परत येताना तोमोएयाच्या दारावर निळा पडदा चढताना मला दिसला.