गोधडीखालचे भूलयंत्र

मित्रांनो, माझ्या अंगावर फुलाफुलांची गोधडी आहे, पण मी काही पलंग नव्हे. मी एक जुने भूलयंत्र आहे. नेब्रास्कातल्या विलो बेंड या छोट्या गावात, रुग्णालयाच्या एकुलत्या एका शस्त्रक्रियागृहात मी उभे असते.

कारखान्यातून आले तेव्हा मी लखलखीत होते. इथे मला अर्डिसच्या हाती दिले. ती भूल देण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली परिचारिका. गावात भूलतज्ज्ञ डॉक्टर कधीच नव्हता. ती होती म्हणून शस्त्रक्रिया होत, अडलेल्या बायका सुटत. ती रोज माझ्या नळ्यांची गळती तपासायची आणि चुन्याचे खडे बदलायची. रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हे खडे शोषून घेतात. पुढे अर्डिस थकली आणि लेकीकडे राहायला गेली.

तेव्हापासून माझी जी दशा झाली तिची मला शिसारी येते. चर्चच्या बायकांनी गोधडी शिवून मला झाकले. तिच्यावर नाताळच्या माळा आल्या, कोणाची शिकारीची टोपी आली. सांडलेल्या कॉफीचा चिकट थर माझ्या फळीवर तसाच राहिला आणि त्यात माश्या मेल्या. तपासणीला आलेला माणूस प्राणवायूची कळ उघडी टाकून गेला. सगळे म्हणत, छान झाकून ठेवलंय.

शस्त्रक्रियागृहातली परिचारिका मार्लिस पोटुशी होती. पहिले मूल सिझेरियनने झाले होते, दुसरेही तसेच होणार होते. भूल देणारे कोणी मिळाले नाही, तर भर जानेवारीत बर्फातून तिला शंभर मैलांवरच्या शहरात जावे लागणार होते.

अखेर टमारा नावाची भूल देणारी परिचारिका नोकरी घेण्याआधी गाव बघायला आली. रुग्णालयाच्या मंडळाचे अध्यक्ष व्हर्जिल यांनी तिला तळे दाखवले, फुटबॉलचा सामना दाखवला, एकामागून एक चर्च दाखवली. पाहुण्यासमोर अप्रिय बोलायचे नाही, ही इथली रीत. त्यामुळे कामाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. टमाराने माझी चौकशी केली तेव्हा व्हर्जिल म्हणाले, "यंत्र कुठे पळून जातंय? आधी चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल खा. आमच्याकडे ते एकत्रच खातात."

ती मात्र उठून आलीच. तिने गोधडी उचलली आणि नाक मुरडले.

"हा फुसफुस आवाज कसला?"

"खोली तापवणारा रेडिएटर आहे," व्हर्जिल म्हणाले. "म्हातारा झालाय, माझ्यासारखा कुरकुरतो."

तिने वाकून माझी कळ बंद केली. कोरड्या वायूने खडे पार सुकले होते. सुकलेल्या खड्यांवरून भुलीचे औषध गेले की विषारी वायू तयार होऊ शकतो, हे तिने शांतपणे सांगितले. मग विचारले, "मी रजेवर असेन तेव्हा कोण येणार?"

व्हर्जिल पुन्हा तळ्याच्या गोष्टीकडे वळू लागले. मार्लिसने पोटावर हात ठेवला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "दिवस-रात्र तुम्ही एकट्याच. अर्डिसला कधी गावाबाहेर जेवायला जाता आलं नाही."

"मार्लिस, पाहुण्यांसमोर हे काय?"

"पोट त्यांच्यासमोर माझंच उघडणार आहे, व्हर्जिल."

टमारा तिला म्हणाली, "खरं बोललात, बरं वाटलं. बदलीला माणूस मिळाला आणि हे यंत्र घासून तपासून घेतलं, की मला फोन करा. तेव्हा मी येईन."

मंडळाला राग आला. बाहेरच्या बाईने आपल्याला शिकवावे? त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या उमेदवारासाठी मासेमारीची सहल ठरवली. डिसेंबर सरता सरता मार्लिस शहरात नणंदेकडे गेली. छोटी लेक मागे दारात रडत राहिली.

मित्रांनो, तुमच्या गावात कामाला माणूस हवा असेल, तर त्याला तळी दाखवत बसू नका. ज्या वस्तूवर तो कोणाचा तरी श्वास सोपवणार आहे, ती आधी घासूनपुसून ठेवा. आणि त्याला झोप कधी मिळेल, हेही न विचारता सांगा. एवढे जमत नसेल, तर मला भंगारात टाका. निदान माझ्या भरवशावर कोणी इथे बाळंत व्हायला थांबणार नाही.